केनवडपर्यंतचा डोंगर

दुकानात शिरणारी बाई आधी भांड्याकडे बघते की माझ्याकडे, यावरून मी भाव ठरवते. भांड्याकडे बघणारीला वस्तू हवी असते, माझ्याकडे बघणारीला सवलत. गेल्या हिवाळ्यापासून मात्र काही बायका अशा येतात की त्या दोन्हींकडे बघत नाहीत. मान लांब करून माझ्या पाठीमागच्या दाराकडे बघतात आणि विचारतात, "त्या डोंगर चालून आलेल्या ताई इथंच असतात ना वो?"

कारंज्याच्या बाजारातलं हे दुकान माझं आहे. पाटीवर सासऱ्यांचं नाव असलं तरी आतला चमचा न् चमचा माझ्या कमाईचा. आणि त्या ताई म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती मागच्या खोलीत डब्यांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळत बसलेली असते. तिच्या कानावर शब्द पडला की ती पदराला हात पुसत बाहेर येते. मग गंज राहतो बाजूला, कढई राहते बाजूला, आणि माझ्याच काउंटरला टेकून अजिंठ्याच्या डोंगराच्या गोष्टी सुरू होतात. मी गल्ल्यावर बसून ऐकते. माझा डावा पाय स्टुलावर असतो. निघताना एखादी त्या पायाकडे बघून म्हणते, "तुमी पडल्या होत्या म्हणे?"

हो, पडले होते. पण ती चाल माझी होती. हे कुणीतरी एकदा नीट सांगायला हवं आणि ते काम माझी जाऊ करणार नाही, म्हणून मी करते.

लग्न होऊन आले तेव्हा या घरात खाणारी तोंडं भरपूर आणि कमावणारे हात थोडे होते. मी जुन्या कपड्यांवर भांडी द्यायचा धंदा धरला. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्याला कपड्यांचं गाठोडं. एसटीने मेडशीला उतरायचं, नाहीतर केनवडला, आणि मग आजूबाजूची गावं पायी. डोंगराच्या कडेच्या वस्त्याही मी सोडल्या नाहीत. बावीस वर्षं मी तशी चालले. पण डोक्यावर ओझं असलं की माणसाला समोरचा रस्ता तेवढा दिसतो. मान वर करून डोंगर बघितला तर पाटी खाली. त्या सगळ्या वर्षांत मी मेडशीच्या डोंगराचा पायथा पाहिला आणि केनवडच्या डोंगराचा पायथा पाहिला. मधलं जे काय आहे ते कधी पाहिलं नाही.

त्या धंद्याने मला भाव करायला शिकवलं. तो कसा होतो हे सांगते, कारण पुढे त्यावरच सगळं घोडं अडलं. बाई म्हणते, तीन लुगडी देते, भाताचा तो गंज द्या. मी म्हणते, ठेवा तुमची लुगडी, जाते मी. जाते म्हणजे जायचं नसतं. पाटी उचलायची, डोक्यावर ठेवायची, अंगणात चालू लागायचं. चालताना मागे बघायचं नाही. जो आधी बघतो तो भावात बुडतो. अंगणाच्या टोकाला पोचायच्या आत हाक येते. "अवो भांडेवाल्या बाई, या, या. घ्या चार." केनवडला एका घरी तर मी अशी तीनदा अंगणाच्या टोकाला गेले आणि तीनदा परत आले. त्या बाईने शेवटी चार लुगडी आणि वर सासऱ्याचं धोतर दिलं. दोघीही खूश होतो. आमच्यात 'नको' म्हणजे 'अजून द्या', 'राहू द्या' म्हणजे 'वाढवा' आणि 'जा' म्हणजे 'थांब'. एवढं तर लेकरालाही कळतं.

माझ्या जावेला कळत नाही. तिला जो भाव सांगाल तो ती देते. भाजीवाला तिला लांबून बघूनच भाव वाढवतो, आणि ती त्याला वर "लेकरं बरी हायेत ना?" विचारून येते. घर तिने सांभाळलं हे मी नाकारत नाही. मी गावोगाव असताना माझी दोन्ही मुलं तिच्याच ताटात जेवली. पण बाजाराचा रस्ता तिला धड माहीत नव्हता.

कारंज्यात आम्ही काही बायका पहाटे फिरायला जातो. त्यात शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या मॅडम आहेत. एकदा बोलता बोलता मी म्हणाले, "मेडशीहून डोंगरावर चढलं आनं मावळतीकडे चालतच राह्यलं, तर कुठं निंघते वो?" मॅडम म्हणाल्या, "अजिंठ्याला. डोंगर तोच आहे." मी त्या दिवशी दुकानात कुणालाच नीट हिशेब दिला नाही. डोक्यावर काही न घेता, मान वर करून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. मला तेवढंच हवं होतं. पहिल्यांदा काहीतरी असं हवं होतं जे विकता येत नाही.

तयारी सगळी माझी. सामान पुढच्या मुक्कामाला नेणाऱ्या जीपवाल्याला मी असा घोळात घेतला की शेवटी तो म्हणाला, "मावशी, तुमीच चालवा गाडी, मी पायी येतो." मुक्कामाला कुठे शाळेची खोली, कुठे देवळाचा सभामंडप, कुठे कुणाचा गोठा. फोनवर सगळ्यांशी मी बोलले. पंधरवड्याची चाल होती. घरच्यांची अट एकच होती, सोबत घरचं माणूस हवं. नवऱ्याला दम लागतो, सुनेचं लेकरू लहान. उरली जाऊ. मी तिला विचारलंदेखील नाही. सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

बुटांचं सांगते, कारण त्यावरून माझी फार बदनामी झाली आहे. डोंगरात चालायचे जाड तळव्याचे बूट मी एका इंजिनिअरच्या बंगल्यातून काढले होते. त्यांच्या मुलाने दोनदा घालून टाकलेले, नवे कोरे. एक झाकणाचा डबा दिला आणि बूट घेतले. थोडे मोठे होते, तर पुढे जुन्या साडीचा बोळा भरला. जावेला म्हटलं, तुझ्यासाठीही बघते, थांब. ती थांबली नाही. एका दुपारी एकटी दुकानात गेली आणि खोका घेऊन आली.

"केवढ्याले देल्ले?" मी विचारलं.

"त्यानं सांगतलं तेवढ्याले."

"एक शब्द बी बोलली नाईस?"

"बोलली ना. म्हणलं, पायाले बरोबर हायेत."

मी कपाळावर हात मारून घेतला. ती खोक्यातून बूट काढून, पाय लांब करून, आपल्याच पायांकडे बघत बसली होती.

तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हा आम्ही मेडशीहून निघालो. सोयाबीन कधीच घरात गेलं होतं, रानं मोकळी होती, तूर तेवढी डोक्याइतकी उभी. मेडशीच्या फाट्यावर सगळ्यांचा एक फोटो काढला. त्यात मी मधोमध आहे. मग डोंगर चढायला लागलो.

पहिला दिवस माझा होता. मी पुढे, बाकीच्या मागे. सागाच्या वाळलेल्या पानांचा आवाज, सलईची पांढरी खोडं, आणि वर पोचल्यावर खाली सगळा मुलूख उघडा. माझी जुनी गावं मला वरून दिसली. मी बोट दाखवून सांगत होते, त्या गावात माझा इतका माल जायचा, त्या वस्तीत कुत्रं लागायचं. बायका ऐकत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की जाऊ ऐकत नाहीये. ती कठड्यासारख्या एका दगडावर उभी राहून नुसती बघत होती, आणि तिला दम लागलेला नव्हता.

मला लागला होता.

दुसऱ्या दिवशी चढ जास्त होता. दर थोड्या वेळाने मी पाणी प्यायचं निमित्त करून थांबायचे. जाऊ थांबायची नाही. घाई नाही, धाप नाही, पोळ्या लाटाव्यात तशी एका लयीत चालायची. हळूहळू एकेक बाई तिच्या मागे जाऊन लागली. दुपारी मॅडम माझ्याजवळ आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा मधे चाला. पुढे तुमच्या जाऊबाईंना राहू द्या. त्यांची चाल एकसारखी आहे, सगळ्यांना जमते."

"थे?" मी म्हणाले. "तिले तर कारंज्याचं बसस्टँड सापडत नाई."

"इथे बसस्टँड कुठे आहे?" मॅडम म्हणाल्या आणि बाकीच्या हसल्या. जाऊ हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मग मला भांडता आलं असतं.

मी मधे चालू लागले. पाठीमागून तिचे बूट दिसायचे. सांगितलेल्या भावाने घेतलेले. ते दगडावर पडले की खटकन बसायचे. माझ्या बुटांत पाय सरकायचे.

त्या संध्याकाळी डोंगरातल्या एका वस्तीवर मुक्काम होता. दोन-चार घरं, आणि अंगणात चुलीवर तुरीच्या शेंगा उकडत ठेवलेल्या. मी त्या घरच्या बाईशी जेवणाच्या पैशांची बोलणी सुरू केली. तिने काही सांगितलं, मी निम्म्यावर आणलं, तिने मान हलवली, मी उठल्यासारखं केलं. रीतसर चाललं होतं. तेवढ्यात जाऊ येऊन चुलीपाशी बसली, निवलेल्या शेंगांचं टोपलं पुढे ओढलं आणि त्या बाईच्या सोबतीने सोलायला लागली. दोघींचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक. थोड्या वेळाने ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "राहू द्या बाई, पैसे गिसे काई नको. ह्या आपल्याच हायेत." भाकरी आल्या, ठेचा आला, गरम शेंगा आल्या, आणि झोपायला घरातली गोधडी आली. ती जावेला.

मी जेवले. पण मला ते जेवण गोड लागलं नाही. उभ्या आयुष्यात मला कुणी काही मागितल्याशिवाय दिलं नाही. जे मिळवलं ते ओढून, ताणून, अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन मिळवलं. आणि ही बाई मांडी घालून बसते, आणि तिच्या पदरात पडतं.

पडले ती तिसऱ्या दिवशी, केनवडच्या अलीकडच्या उतारावर. खाली गाव दिसत होतं. केनवड माझं गाव. तिथल्या गल्ल्या मला माझ्या घरासारख्या माहीत. मनात होतं, गावात शिरताना तरी मी पुढे असेन. लोक ओळखतील, म्हणतील, भांडेवाल्या बाई आल्या, आणि डोंगरावरून आल्या. जाऊ पुढे होती. मी मागून म्हणाले, "थांब वं जरा." ती म्हणाली, "उतारावर थांबता येत नाई बाई, खाली थांबू." तिचं म्हणणं बरोबर असेलही. पण थांबली असती तर काय झालं असतं? मी पायवाट सोडली आणि बाजूने तिला ओलांडायला गेले. तिथे मुरूम होता, वरून सागाची पानं. पाय बुटात फिरला की बूट पायात फिरला यावर आमच्या घरात अजून वाद आहे. मला एवढंच आठवतं की आवाज झाला, आणि तो दगडाचा नव्हता.

खाली तुरीत काम करणाऱ्या दोघांनी बाज आणली. ज्या केनवडमध्ये मी बावीस वर्षं ताठ मानेने शिरले, त्यात मी उताणी शिरले. मान वर होती, आभाळ दिसत होतं. हवं होतं ते असं नव्हे.

बाज जिथे टेकवली त्या घरची म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि टाळी वाजवून म्हणाली, "अवो, ह्या तर आपल्या भांडेवाल्या बाई! चार लुगडे आनं मामंजीचं धोतर!" तिने आतून गंज आणला. माझाच. बुडाला जरा काळा झालेला, पण कुठे पोचा नाही. त्यातच चहा टाकला. म्हणाली, "त्या वक्ती लय लुटलं तुमी मले. पण भांडं खरं निंघालं." एरवीचा दिवस असता तर मी या वाक्यावर आठवडाभर जगले असते.

पाय सुजून भांड्याएवढा झाला होता. गावातल्या डॉक्टरने बघून सांगितलं, घोट्याचं हाड मोडलंय, वाशिमला न्या. मुलाला फोन झाला. तो म्हणाला, सकाळी गाडी घेऊन येतो.

दिवेलागणीच्या वेळेला मॅडम माझ्या बाजेजवळ आल्या. बाकीच्या अंगणात बसल्या होत्या. पुढे जायचं तर सकाळी निघायला हवं, पुढचे मुक्काम ठरलेले होते. मीच ठरवलेले. सगळ्यांचे डोळे जावेकडे होते. ती माझ्या पायाशी बसून ओल्या फडक्याची घडी बदलत होती.

"बाई," ती म्हणाली, "मी काय करू?"

मला आत जे वाटत होतं ते सांगायला तीन शब्द पुरले असते. नको जाऊस ना. पण असं कुणी बोलतं का? मी माझ्या भाषेत बोलले.

"काय करू म्हंजे? जा. माहं काय, माहा पोरगा येऊन राह्यला सकायी."

"खरंच जाऊ?"

"जा म्हणलं ना! माह्यासाठी कोणी थांबाची गरज नाई."

यावर काय म्हणायचं असतं हे सगळ्या जगाला माहीत आहे. 'असं कसं बाई, मी नाही जात.' मग मी पुन्हा 'जा' म्हणायचं, तिने पुन्हा 'नाही' म्हणायचं, आणि दोन-तीन फेऱ्यांत आमचा भाव ठरला असता. तिने माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं."

आणि उठून मोजे धुवायला गेली.

पहिल्या भावाला माल उचलला बाईने. भाजीवाल्याकडे जशी करते तशी.

सकाळी त्या निघाल्या. बाजेवरून मला अंगण दिसत होतं. जाऊ पाया पडली, म्हातारीला माझ्या औषधांचं सांगितलं, पाठीला पिशवी लावली आणि चालू लागली. अंगणाच्या टोकाला जाऊन थांबली. वाकून बुटाची नाडी बांधली, जी सुटलेली नव्हती. मग मागे वळली.

मी तोंड भिंतीकडे केलं. आता वाटतं, ती माझी बावीस वर्षांची सवय होती. जो आधी बघतो तो बुडतो.

पुन्हा बघितलं तेव्हा अंगणात कोंबड्या होत्या.

वाशिमला प्लास्टर झालं. मुलगा बूट उचलून म्हणाला, "आई, याच्यात साडी कायले भरली?" मी त्याला गप्प बस म्हणाले. घरी आणलं तेव्हा नवीनच कळलं. भांड्यांचं दुकान असलेल्या बाईला स्वतःच्या घरातला हळदीचा डबा सापडेना. सून माहेरून यायची होती, नवरा चहा करायचा आणि साखर कुठे असते ते मला विचारायचा. मला काय माहीत? मी कधी होते त्या घरात?

संध्याकाळी फोनवर फोटो यायचे. एकात जाऊ डोंगराच्या कडेला उभी, पदर कमरेला खोचलेला. एकात कुठल्याशा वाडीतली पोरं तिच्या मागे ओळीने चालताहेत. एकात ती हसतेय, दात दिसताहेत. या घरात मी तिचे एवढे दात कधी पाहिले नव्हते. मी फोन उलटा ठेवायचे. थोड्या वेळाने पुन्हा सुलटा करून बघायचे. फोटो मोठा करून तिच्या मागचा डोंगर बघायचे. तो माझा डोंगर होता. फिसकटलेल्या सौद्यातला माल दुसऱ्याच्या घरात मांडलेला बघावा, तसं ते होतं.

त्या अजिंठ्याला पोचल्या. परत आल्या तेव्हा चौकात फ्लेक्स लागला. मेडशीचा तोच फोटो, पण कापलेला, कारण पोचलेल्यांचेच चेहरे घ्यायचे होते. मधोमध जाऊ दिसत होती, आणि तिच्या खांद्याजवळ एक कोपर. ते कोपर माझं आहे. बांगड्या ओळखू येतात.

ती घरी आली, आधी माझ्या खोलीत आली. हातावर एक दगड ठेवला. फोडलेला, आतून चमकणारा, लेण्यांपाशी विकतात तसला.

"केवढ्याले घेतला?" माझ्या तोंडून निघालं.

"त्यानं सांगतलं तेवढ्याले."

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "लाज नाई वाटली? मोठी जाऊ पाय मोडून पडली, आनं तू निंघून गेली?"

"तुमी जा म्हणलं, म्हून गेली."

"जा म्हणलं म्हून कोणी जाते का वं!"

"मी तं जाते," ती म्हणाली. "इतके वर्सं तुमी बस म्हणलं तं बसली, ऊठ म्हणलं तं उठली. ह्या वक्तीच काहून तुमच्या शब्दाचा उलटा अर्थ लावू?"

मी तो दगड उशाशी ठेवून दिला. ते तिने बघितलं, आणि तिच्या आवाजातली धार जरा कमी झाली.

"खरं सांगू का बाई? मले जायचं होतं. तुमी थांब म्हणलं असतं तं थांबली असती. पण देवा, थांब नको म्हणू दे, असं चाललं होतं मनात. तुमी सकायी पाटी घेऊन निंघत, तवा मी दारात उभी राहो. तुमी एसटीनं गावोगाव जा. मेडशी, केनवड, कुठं कुठं. आमी तुमचे लेकरं घेऊन घरात. लय हेवा वाटे मले तुमचा."

"माहा? डोक्शावर भांडे घेऊन उन्हात मरे मी, त्याचा?"

"हो, त्याचाच."

मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. मानेची हाडं झिजली माझी त्या पाटीखाली. त्याचा कुणी हेवा करतं का? पण ती खोटं बोलत नव्हती. तिला ते येत नाही. रात्रभर मी ते वाक्य उलटंपालटं करून बघितलं, भांड्याचं बूड वाजवून बघावं तसं. कुठेच फुटका आवाज आला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पावसाळा गेला. पाय बरा आहे. उभं राहिलं की दुखतो, म्हणून दुकानात स्टुलावर ठेवते. डॉक्टर म्हणतात, चाला. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकापुढे जाऊ सांगत होती की केनवडच्या पुढे खरा डोंगर लागतो, तिथून एका ठिकाणी दोन्ही बाजूंचा मुलूख दिसतो, उगवतीचाही आणि मावळतीचाही. ती बाई गेल्यावर मी म्हणाले, "तुरीच्या शेंगा भरल्या की मी जाऊन राह्यली. केनवडपासून पुढं."

तिने कागद गुंडाळणं थांबवलं नाही. "एकट्या?"

"तू नाई आली तरी चालते मले."

"बरं," ती म्हणाली. गुंडाळलेला डबा फळीवर ठेवला, पदर झटकला आणि मागच्या खोलीकडे चालू लागली.

मी तिच्या पाठीकडे बघत होते. ती सावकाश चालत होती. मागे बघत नव्हती. आणि माझ्या एकदम लक्षात आलं की मी हे चालणं ओळखते. हे माझं चालणं आहे. अंगणाच्या टोकाकडे जातानाचं. हिने ते कधी उचललं? आता हाक कुणी मारायची होती हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, आणि डोंगर मला हवा होता. तिचा तर बघून झाला होता.

ती उंबऱ्याला पोचायच्या आत मी हाक मारली. "थांब."

ती थांबली. वळली नाही.

"तू चाल माह्यासोबत," मी म्हणाले. असा थेट भाव मी जन्मात सांगितला नव्हता.

आता ती वळली. "दोन गोष्टी," ती म्हणाली. "बूट नवे घ्यायचे. माह्या दुकानातून. तो सांगन तेवढ्याले."

"बरं. आनं?"

"पुढं मी चालन."

मी म्हणाले, "उतारावर तरी मी." मग मीच भाव उतरवला. मी म्हणाले, "निदान अजिंठ्यात शिरताना." ती तिथेच उंबऱ्याशी उभी, हात पदरात, तोंडावर काही नाही. मी पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली आहेत. हे गिऱ्हाईक हलणारं नव्हतं.

"बरं," मी म्हणाले.

काल आम्ही बूट घेतले. दुकानदाराने भाव सांगितला आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले, इतके की त्याने मला पाणी हवं का विचारलं. बूट पायाला बरोबर आहेत. घरी येऊन मी ते घालून अंगणात चार फेऱ्या मारल्या. जाऊ दारात उभी राहून बघत होती. तो दोन्हीकडचा मुलूख दिसणारा डोंगर मी बघेन, आता नक्की बघेन. पण तिथे पोचेन तेव्हा समोर आधी तिची पाठ असेल, आणि ती मागे वळून मला तो दाखवेल, इथे बघा बाई, म्हणून. ते मला आजच सहन होत नाहीये. तरी मी जाणार आहे.